चपळ जातिवंत मांजरं सांगलीत पाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगाल, ॲबिसिनियन, सयामी, मेन कून ही मांजरं आता सांगली-मिरजेतल्या घरांतही दिसायला लागली आहेत. दुकानात आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "काय काय घ्यावं लागेल?" आम्ही उलट विचारतो : घर केवढं आहे, दिवसभर घरी कोण असतं, खिडक्यांना जाळी आहे का? सामान विकणं हाच आमचा धंदा, तरी खाली बऱ्याच ठिकाणी "हे घेऊ नका" असं लिहिलेलं दिसेल. या मांजरांना चढायला उंची, शिकारीचा खेळ आणि माणसाचा वेळ लागतो. यातलं दुकानात फार थोडं मिळतं.

चपळ जाती म्हणजे नेमक्या कोणत्या? पर्शियन त्यात येतं का?

नाही. पर्शियन सोफ्यावर बसून राहील, त्याचा त्रास केसांचा आणि डोळ्यांतल्या पाण्याचा. इथे बोलतोय ते दिवसभर काहीतरी उद्योग लागणाऱ्या मांजरांबद्दल.

ॲबिसिनियन अंगानं सडपातळ, वजन साधारण ३ ते ५ किलो, आणि घरातली सगळ्यात उंच जागा त्याचीच. सयामी बोलकं असतं. बोलकं म्हणजे खरोखर बोलकं, शेजारचे विचारायला येतात इतकं. मेन कून आकारानं मोठं, बोका ६ ते ८ किलोचा सहज होतो आणि त्याची वाढ तीन-चार वर्षं चालू राहते. स्वभावानं मात्र शांत खेळकर.

बंगालचं प्रकरण वेगळं. घरगुती मांजर आणि आशियातलं जंगली बिबट मांजर यांच्या संकरातून ही जात अमेरिकेत तयार झाली. घरात पाळायचं ते या संकरापासून बऱ्याच पिढ्या पुढे आलेलं. बिबट मांजर आपल्या वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे कोणी "अगदी जंगली रक्ताचं, पहिल्या पिढीचं पिल्लू आहे" म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर तिथून उठून चालायला लागा.

पिल्लू घेताना काय बघायचं? कागद म्हणजे काय?

कागद म्हणजे नोंदणीचा दाखला. मांजरांच्या आंतरराष्ट्रीय संघटना आहेत : टिका, सीएफए, डब्ल्यूसीएफ. त्यांच्याकडे नोंदलेल्या ब्रीडरकडून आलेल्या पिल्लाबरोबर आई-वडील आणि त्यामागच्या पिढ्यांची वंशावळ मिळते. अंगावर ठिपके आहेत म्हणून बंगाल होत नाही. ठिपक्यांची देशी मांजरं आपल्या मार्केट यार्डात पोत्यांवर झोपलेली असतात आणि तीही गुणाची असतात.

कागदापेक्षा तब्येतीचे प्रश्न जास्त विचारा. ॲबिसिनियन आणि बंगाल या दोन्ही जातींत हळूहळू आंधळेपण आणणारा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार असतो. रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटून ॲनिमिया होणारा एक दोषही असतो. दोन्हींसाठी डीएनए चाचणी आहे. मेन कून आणि बंगालमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, त्यासाठी आई-वडिलांची हृदयाची सोनोग्राफी झालेली असावी. "आमच्याकडे असलं काही नसतं" हे उत्तर नव्हे. रिपोर्ट दाखवा म्हणायचं.

पिल्लू १२ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आई आणि भावंडांत राहूनच ते चावायचं किती आणि नखं कधी आत घ्यायची ते शिकतं. हे शिक्षण अर्धवट राहिलेलं बंगाल पुढे तुमच्या पायाच्या घोट्यांवर सराव करतं.

आमच्या घरात मांसाहार चालत नाही. मांजर शाकाहारी ठेवता येईल का?

सांगलीत हा प्रश्न रोजचा आहे, आणि विचारणारे बहुतेक जण मनापासून विचारतात. मांजर शाकाहारी राहू शकत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो त्याला मांसातून घ्यावा लागतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरट होऊन कमजोर पडतं. गाजरातल्या घटकापासून आपण जीवनसत्त्व अ बनवतो, मांजराला तेही जमत नाही. दूध-भाकरीवर जगणारं गावातलं मांजर उरलेलं पोट उंदरांवर भरतं, हे आपण विसरतो. फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठून मिळणार?

एक अण्णा नातीच्या हट्टापायी ॲबिसिनियन घ्यायला निघाले होते. त्यांना आम्ही दोनच वाटा सांगितल्या. घरात काही शिजवायचं नाही, पॅकेटमधलं कोरडं खाणं बंद डब्यात, वेगळ्या भांड्यात, बाल्कनीच्या कोपऱ्यात द्यायचं. हे चालत असेल तर मांजर आणा. तेही मनाला पटत नसेल तर ससा आणा. दोन्हींत कमीपणा नाही. मांजर आणून त्याला पनीरवर ठेवणं मात्र हाल आहेत.

मग घरचं चिकन चांगलं की पॅकेटचं खाणं?

नुसतं उकडलेलं चिकन हा उलट्या बाजूचा घोळ. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. वाढतं पिल्लू महिनोन् महिने फक्त चिकनवर ठेवलं तर त्याचं शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढतं. हाडं वाकतात, कपाटावरून साधी उडी मारताना पाय मोडतो. दिवसभर उड्या मारणाऱ्या जातीत हे लवकर उघडं पडतं. कलेजी मांजराला फार आवडते, पण रोज कलेजी दिली की जीवनसत्त्व अ साठत जातं आणि मानेचे मणके जखडतात. कच्चे मासेही नेहमी नकोत. काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो.

रोजचं मुख्य खाणं 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं पॅकेट असावं. पाकिटाच्या मागे प्रथिनं बघा : अमेरिकेतल्या मानकांनुसार पाणी वगळून मोठ्या मांजराला किमान २६ टक्के, पिल्लाला ३० टक्के. चपळ जातीला याहून जास्त असलेलं घ्या. आठवड्यातून एकदोनदा मीठ-मसाला-कांदा-लसूण काहीही न घालता उकडलेलं चिकन वरून द्यायला हरकत नाही.

सुटं खाणं घेऊ नका. आमच्याकडेही मागू नका. मोठं पोतं उघडून किलो-अर्धा किलो विकलेल्या खाण्यातली चरबी खवट होते, पावसाळ्यात तर चार दिवसांत वास येतो. शिवाय एक्स्पायरी कुठली हे कळायला मार्ग नाही. कुत्र्याचं खाणं "तात्पुरतं" म्हणूनही लावू नका, त्यात मांजराला लागेल तेवढं टॉरिन नसतं.

खाणं बदलायचं असेल तर जुन्यात नवं मिसळत सात ते दहा दिवसांत बदला.

किती द्यायचं?

घरातल्या घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी. बहुतेक कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे हिशेब ५५ ते ७० ग्रॅमचा. खूप पळणाऱ्या मांजराला थोडं जास्त. डोळ्यांनी मोजू नका, स्वयंपाकघरातला काटा वापरा. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या हाताला लागायला हव्यात, डोळ्यांना दिसायला नकोत.

दूध?

नको. बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात.

लिटर (मांजराच्या शी-शूच्या डब्यात भरतात ते) कुठलं घ्यावं? वाळू चालत नाही का?

नदीची वाळू फुकट मिळते म्हणून बरेच जण आणतात. ती गोळा होत नाही, वास धरते आणि बाहेरच्या मांजरांनी ती वापरलेली असण्याची शक्यता मोठी. लाकडाचा भुसा हलका असतो, घरभर पायांना चिकटून फिरतो. हळद, साखर, धान्य यांची पोती उघडी असलेल्या घरात तर तो नकोच.

गोळा होणारं बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) लिटर बहुतेक मांजरांना आवडतं, कारण ते मातीसारखं उकरता येतं. दोष एकच, धूळ. खोकणाऱ्या किंवा दम्याच्या मांजराला, विशेषतः सयामीला, टोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याचं, लिटर बरं. सुगंधी लिटर माणसांसाठी असतं. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, लॅव्हेंडरच्या वासानं ते डबाच सोडतं आणि मग गादीवर कार्यक्रम होतो. बेंटोनाइट संडासात ओतू नका. ते आत फुगून पाइप तुंबतो आणि प्लंबरचा खर्च लिटरच्या वर्षभराच्या खर्चाएवढा येतो.

डबा मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा. दुकानातले बहुतेक डबे मेन कूनला आणि मोठ्या बंगालला अपुरे पडतात, हे आम्ही विकतानाच सांगतो. भांड्यांच्या दुकानातून मोठा प्लास्टिकचा टब आणा आणि एका बाजूनं आत जायला कापून घ्या. बाकीच्या तीन बाजू उंच ठेवा. काही बंगाल उभ्यानं लघवी करतात आणि भिंत भिजते. लिटरचा थर ५ ते ७ सेंटिमीटर. डब्यांची संख्या मांजरांपेक्षा एक जास्त.

रोज साफ करा. मांजराच्या शीतून जाणारा, पोटातल्या बाळाला बाधणारा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू बाहेर पडल्यावर रोग पसरवण्याच्या अवस्थेत यायला एक ते पाच दिवस घेतो, त्यामुळे रोजच्या सफाईनंच बराचसा धोका जातो. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. हे वाक्य आजेसासूबाईंना वाचून दाखवा.

सोफा फाडतंय. स्क्रॅचिंग पोस्ट (नखं घासायचा खांब) घेतला, त्याकडे बघतही नाही.

बहुतेक वेळा पोस्ट बुटका आणि हलका असतो. मांजर उभं राहून, पूर्ण अंग ताणून ओरबाडतं. पोस्ट ९० सेंटिमीटरच्या आसपास हवा आणि खालचा पाट इतका जड की अंगावर रेलल्यावर हलता कामा नये. एकदा डुगडुगला की विश्वास गेला.

हा पोस्ट घरी सुंदर होतो. सुताराकडून चार इंची चौकोनी लाकडाचा तुकडा आणि जड प्लायचा दोन फुटी पाट घ्या. दोरखंडवाल्याकडून घायपाताचा दोर आणा, बोटाच्या जाडीचा. खालून सुरुवात करून एकेक वेढा आधीच्या वेढ्याला खेटून, ओढून घट्ट बसवत जा, दर पाच-सहा वेढ्यांनी एक यू-खिळा मारा. खिळ्याचं डोकं दोराच्या आत दबलं पाहिजे, नाहीतर नख अडकतं. दोर नको असेल तर तागाचं पोतं दुहेरी करून ताणून ठोका. साखरेचं पोतं चालेल. हळदीचं घेऊ नका : मांजर, भिंत आणि सोफा तिन्ही पिवळे होतात.

पोस्ट कोपऱ्यात लपवायचा नाही. जिथं ते ओरबाडतं तिथेच, सोफ्याच्या हाताला चिकटून ठेवा. महिन्याभरानं थोडा थोडा सरकवा. आणि नखं काढून टाकायचं ऑपरेशन विचारूही नका, त्यात बोटाचं शेवटचं हाड कापलं जातं.

कॅट ट्री (मांजराला चढायचा फळ्यांचा खांब), भिंतीवरच्या फळ्या, पळायचं चाक : काय खरंच लागतं?

उंची लागते. ती कशानं दिली याला महत्त्व नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मांजराला फरशीवर फिरायला जागा थोडी, पण भिंती मोकळ्या असतात. २५ ते ३० सेंटिमीटर रुंद फळ्या, एकमेकींपासून ३५-४५ सेंटिमीटरवर, जिन्यासारख्या चढत्या. वरची शेवटची फळी खिडकीजवळ आणि पंख्याच्या पात्यापासून लांब. फळ्यांवर रबरी मॅटचा तुकडा चिकटवा, सनमायकावरून पाय घसरतो. आरसीसी किंवा पक्क्या विटांच्या भिंतीत एल-ब्रॅकेट बसतो. गावभागातल्या जुन्या मातीच्या भिंती हे वजन धरत नाहीत, तिथे जमिनीवर उभा राहणारा घोडा करून घ्या.

चाक बंगालला आवडू शकतं. पण व्यास मीटरभराहून कमी असेल तर पळताना पाठ वाकते. बाजारात दिसणारी बरीचशी छोटीच असतात. आधी खेळायला वेळ काढून बघा, मगच चाकावर पैसे घाला.

पहाटे तीनला पडद्यावर चढतं. काय करू?

मांजर पहाटे आणि संध्याकाळी जागं असतं, ते काही तुमचं वाकडं करायला उठत नाही. दिवसभर तुम्ही कामावर, ते एकटं झोपलेलं, आणि रात्री सगळे परत आले की त्याचा दिवस सुरू.

संध्याकाळी आणि झोपण्याआधी १०-१५ मिनिटं शिकारीचा खेळ. काठीला बांधलेलं पीस जमिनीवरून पळवा, सोफ्याखाली शिरवा, थांबवा. मांजराच्या तोंडासमोर हलवत बसू नका, खरा उंदीर असं करत नाही. शेवटी त्याला ते पकडू द्या आणि लगेच रात्रीचं खाणं द्या. पाठलाग, झडप, खाणं, अंग चाटणं, झोप. त्याच्या शरीराचा क्रम असाच आहे. लेझरचा लाल ठिपका वापरलाच तर शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर किंवा खाण्याच्या दाण्यावर आणून थांबवा. कधीच हाती न लागणाऱ्या शिकारीनं मांजर चिडचिडं होतं.

कोरडं खाणं वाटीत ओतण्यापेक्षा अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये दाणे टाका. पंजानं एकेक काढायला अर्धा तास जातो. ट्रे फुकटचा.

आणि पहाटे ओरडल्यावर उठून खायला देऊ नका. एकदा दिलंत की रोज तीनला अलार्म.

दोरा, लोकर, रबर बँड यांच्याशी खेळलं तर चालेल?

समोर बसून, हातात काठी धरून खेळवत असाल तरच. खेळ संपला की काठी-दोरा कपाटात. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, आतच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं. आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि कापलं जातं. राखीचा गोंडा, गजऱ्याचा दोरा, पतंगाचा मांजा, सुईत ओवलेला दोरा, आणि मिरजेत वाद्यांचं काम चालणाऱ्या घरांत तारांचे कापलेले तुकडे, या सगळ्यांचा धोका सारखाच. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. कापायचाही नाही. तसंच उचलून डॉक्टरकडे.

मोरपीस मात्र मस्त खेळणं आहे. देठाचं टोक तेवढं कापून टाका.

बाहेर सोडलं तर? देशी मांजरं फिरतातच की.

फिरतात, आणि बरीचशी तरुणपणीच जातात : गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी, बोक्यांच्या मारामारीतल्या संसर्गानं. जातिवंत मांजर चोरीलाही जातं.

खिडक्या आणि बाल्कनीला जाळी आधी, मांजर नंतर. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी बंगाल दातांनी तोडतं. लोखंडी वेल्डमेश किंवा जाड गाठीची जाळी लावा. सरकत्या खिडकीच्या डासांच्या जाळीवर भरवसा ठेवू नका, मांजर अंग टाकतं तेव्हा ती चौकटीसकट बाहेर पडते.

फिरवायचं असेल तर हार्नेस. गळपट्ट्याला दोरी बांधून कधीच नाही. बनियनसारखा अंगाला गुंडाळणारा घ्या, दोन बोटं आत जातील इतका घट्ट. आधी आठवडाभर घरात घालून खायला द्या, मग गच्ची, मग पहाटेचा शांत रस्ता. आमराई बागेत पहिल्याच दिवशी नेऊ नका.

एप्रिल-मेच्या उन्हात काय?

पारा चाळिशीच्या आसपास गेला की सगळीच मांजरं मरगळतात, मेन कून जास्त. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्यापासून आणि लिटरपासून लांब, पसरट, काठोकाठ भरलेल्या. मातीचं भांडं उत्तम. ४ किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. कोरडं खाणाऱ्याला ते मुद्दाम प्यायला लावावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात एक वेळ पाऊचचं ओलं खाणं द्या. बंगाल पाण्यातच खेळतं. बाथरूमची बादली झाकून ठेवा.

खेळ सकाळी सातच्या आत आणि रात्री. मेन कूनचे केस उन्हाळ्यासाठी भादरू नका, विंचरून आतली मेलेली लव काढा. तेवढं पुरतं.

मांजरानं कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं नेहमीचं नव्हे. खेळ थांबवून सावलीत पाच मिनिटांत श्वास पूर्ववत झाला नाही, तर साध्या पाण्यानं पाय-पोट ओलं करा, पंखा लावा आणि निघा. बर्फाचं पाणी ओतू नका.

पुराच्या वेळी मांजराचं काय करायचं?

गावभाग, खणभाग, नदीकाठच्या वस्त्यांतल्या प्रत्येकानं याची तयारी जूनमध्येच करावी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या वेळी माणसं होडीतून निघाली आणि मांजरं माळ्यावर राहिली, असं किती घरांत झालं ते सांगलीत कोणालाही विचारा.

चपळ मांजर गोंधळात सगळ्यात आधी गायब होतं. गडबड, बोंबाबोंब, सामान हलवणं सुरू झालं की ते माळ्यावर किंवा कपाटामागे शिरतं आणि हाका मारून येत नाही. म्हणून पाणी ३५ फुटांवर गेल्याची बातमी आली की त्याला एका बंद खोलीत ठेवा. त्या खोलीत कॅरियर (मांजर न्यायची पेटी) उघडा असावा. घर सोडायचा निर्णय झाला की शोधाशोध नको.

कॅरियर टणक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा. तो वर्षभर घरात उघडा पडलेला असला पाहिजे, आत जुनी चादर, अधूनमधून त्यातच खाणं. एरवी माळ्यावर असलेला कॅरियर फक्त डॉक्टरकडे जातानाच खाली आला तर मांजर तो बघूनच पळेल. कॅरियर नसेल आणि वेळ नसेल तर उशीचा जाड अभ्रा. मांजर आत, तोंडाला गाठ. श्वास कापडातून घेता येतो. अर्ध्या तासापुरता हा उपाय आहे, रोजचा नाही. कापडी पिशवीत घालून मोटारसायकलच्या हँडलला अडकवणं तर मुळीच नाही.

सोबत घ्या : आठवड्याचं खाणं घट्ट झाकणाच्या बरणीत, छोटी लिटरची पिशवी आणि ताट, चालू औषधं, लसीकरणाच्या वहीचा आणि मांजराचा फोटो मोबाइलवर. निवारा केंद्रात मांजर नेण्यापेक्षा विश्रामबाग किंवा मिरजेतल्या नातेवाइकांशी आधीच बोलून ठेवा. तिथेही एकाच खोलीत.

पाणी उतरल्यावर लगेच मांजर घरी आणू नका. चिखल काढताना ब्लीचिंग पावडर आणि फिनेल बदाबदा ओतलेलं असतं. ते पंजाला लागतं आणि मांजर पंजे चाटतं. फरशी साध्या पाण्यानं धुऊन कोरडी झाल्यावर आणा.

फिनेल, कापूर, डासांची औषधं यांचा खरंच त्रास होतो?

हो, आणि घराघरांत घडणारी विषबाधा हीच. मांजराच्या यकृतात काही रसायनं मोडायची यंत्रणा अतिशय दुबळी आहे. फिनेल आणि त्या जातीची जंतुनाशकं, कापूर, टी-ट्रीचं तेल, नीलगिरीचं तेल त्याला बाधतं. तापावरची पॅरासिटॅमॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. "लहान बाळाला चालतं मग याला का नाही" म्हणून देऊ नका.

गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायचं कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात. पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन छापलेलं असेल तेच.

लिलीची फुलं घरात नकोतच. वाढदिवसाच्या गुच्छात गुलाबी-पांढऱ्या लिल्या असतात. पाकळी, पान, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी किडन्या निकामी होतात. मनीप्लँट आणि डिफेनबॅकिया चावल्यास तोंडाची आग होते. बेदाणा कुत्र्यांच्या किडन्यांना घातक ठरतो हे पक्कं आहे, मांजरालाही देऊ नका. तासगावचे पाहुणे आले की बेदाण्याचं ताट वर ठेवा.

लसी आणि नसबंदी?

तीन विषाणूंची एकत्र लस सहा-आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीज बारा आठवड्यांनंतर. पुढचे डोस डॉक्टरांच्या वेळापत्रकानुसार. "घरातच असतं, लस कशाला?" तर पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तुमच्या चपलेबरोबर घरात येतो आणि वर्षभरसुद्धा टिकतो. फिनेलनं तो मरतही नाही, पातळ केलेल्या ब्लीचनं मरतो. या आजारानं आधीचं पिल्लू गेलं असेल, तर लसीकरण पूर्ण झालेलंच दुसरं आणा.

नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास. बोका घरभर फवारे मारायला लागल्यावर नाही, त्याआधी.

मांजर चावलं किंवा ओरबाडलं आणि रक्त आलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. हळद भरून बसू नका.

आंघोळ, केस, नखं?

आखूड केसांच्या मांजराला आंघोळ क्वचितच लागते. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश पुरतो. मेन कूनला दोन-तीनदा कंगवा, काखेत आणि मांड्यांमध्ये जास्त, तिथेच गुठळ्या होतात. नखं दोन-तीन आठवड्यांनी, फक्त पारदर्शक टोक. आतल्या गुलाबी भागाला कात्री लागली की रक्त येतं.

सयामीवाले एक प्रश्न हमखास आणतात : "ऑपरेशनला पोटावरचे केस काढले होते, तिथे काळे उगवलेत, बुरशी आहे का?" बुरशी नाही. सयामीच्या रंगाचं एन्झाइम थंडाव्यातच काम करतं, म्हणून कान, नाक, पंजे, शेपूट गडद आणि अंग फिकं. केस काढलेली कातडी थंड राहते, तिथले नवे केस गडद येतात. पुढच्या केसगळतीनंतर बहुधा पूर्ववत होतात.

डॉक्टरकडे ताबडतोब कधी जायचं?

बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही किंवा थेंब थेंब होते : त्याच तासाला. मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. पुष्कळ जण याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात आणि वेळ घालवतात.

दोन दिवस काही खाल्लं नाही तरी जा, विशेषतः जाड मांजर. उपाशी राहिल्यानं त्याच्या यकृतात चरबी साचते. एरवी कपाटावर असणारं मांजर अचानक पलंगाखाली राहायला लागलं तर तेही दुखण्याचंच लक्षण.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य गर्दी गाई-म्हशींची. मांजरं नेहमी तपासणारा खासगी डॉक्टर पिल्लू आणायच्या आधीच शोधून ठेवा आणि रात्री कोण फोन उचलतो तेही विचारून ठेवा. गुंतागुंतीच्या आजारासाठी सातारा जिल्ह्यात, पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

नवरा-बायको दोघंही नोकरीला. बंगाल ठेवू का?

दहा-दहा तास घर बंद राहत असेल तर एकटं बंगाल ठेवू नका. एकाच वयाची दोन घ्या किंवा मेन कूनचा विचार करा. दोन घेतलीत तर वाट्या, फळ्या, झोपायच्या जागा सगळं दुप्पट, आणि लिटरचे डबे तीन. चार दिवस गावाला जाताना खाणं भरून ठेवून कुलूप लावू नका. शेजारच्या काकूंना किल्ली द्या, डॉक्टरचा नंबर फ्रिजवर चिकटवा आणि लिटर उपसायचा चमचा कुठे आहे ते दाखवून जा.